रस्त्यानं खाली यावं

आमच्या मालकांच्या घरात शिरायचं म्हणजे पायऱ्या उतराव्या लागत. लोकांची घरं रस्त्याच्या वर असतात, आमचं रस्त्याच्या खाली होतं. रस्त्यावर उभं राहिलं की पत्र्याचं छप्पर छातीला लागायचं, आणि मालकीण काकूंनी वर वाळत घातलेल्या मिरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हात वर न करता उचलता यायच्या. पोस्टमन वरूनच पत्र सोडून द्यायचा. ते हेलकावे खात अंगणात पडायचं, आणि वारा असला तर शेजाऱ्याच्या अंगणात. खिडकीतून बाहेर बघावं तर जगाचे नुसते पाय दिसत. मी तिथं भाड्यानं राहायला गेलो तेव्हा गल्लीतली माणसं मला आधी चपलांवरून ओळखू यायला लागली, तोंडं पुष्कळ नंतर कळली. एकदा एका म्हशीनं रस्त्यावर उभ्या उभ्या, मानसुद्धा फारशी न वाकवता, काकूंच्या वर्षभराच्या कुरड्या फस्त केल्या आणि तिला हाकलायला काकूंना शिडी लावून वर जावं लागलं. ह्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. म्हैस कदाचित थोडी वाकली असेल.

गाव आमच्याच परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण ती गल्ली अजून जागच्या जागी आहे आणि गल्लीतले लोक वाचतात.

घर आधीपासून खाली नव्हतं. मालकांनी बांधलं तेव्हा ते रस्त्याच्या चांगलं वर होतं. पण आपल्याकडं रस्ता कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. जुना उकरायचा म्हणजे कष्ट. त्यापेक्षा त्याच्याच उरावर नवा टाकायचा. एक नगरसेवक आला, त्यानं मुरूम टाकला. दुसरा आला, त्यानं मुरमावर खडी. तिसऱ्यानं डांबर. चौथ्याला तिसऱ्याचं डांबर पसंत नाही म्हणून त्यानं त्यावर सिमेंट, आणि पाचव्याच्या बहिणीच्या सासरी पेव्हर ब्लॉकचा कारखाना निघाला म्हणून सिमेंटवर ब्लॉक. दर निवडणुकीला गल्ली वीतभर आभाळाजवळ जात होती. लोकही शहाणे. रस्ता वर गेला की ते ओटा वर घ्यायचे, ओटा वर गेला की उंबरा. समोरच्या किराणावाल्या शेटजींनी तर ओटा इतका चढवला होता की गिऱ्हाईक वर पोचेपर्यंत काय घ्यायला आलो ते विसरून जायचं.

एकट्या आमच्या मालकांनी घर उचललं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. ते कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले होते, आणि उभी नोकरी पाण्याला कुठून कुठं जायचं हे हुकूम सोडण्यात गेलेली. त्यांचं म्हणणं एकच होतं.

"चूक रस्त्याची हाय. मी कामून वर जाऊ? रस्त्यानं खाली यावं."

हे ते असं म्हणायचे, की जणू रस्ता कुणी रुसून माळ्यावर जाऊन बसलेला पाहुणा आहे आणि भूक लागली की आपोआप उतरेल.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या धंद्यामुळं. गावात भुयारी गटार योजना मंजूर झाली होती. निजामाच्या वेळच्या फरशीच्या नाल्या, त्यांवर नंतरच्या उघड्या गटारी, त्यांवर लोकांचे ओटे, असा सगळा काला झालेला; तो काढून मैल्याची एक लाइन आणि पावसाच्या पाण्याची एक लाइन जमिनीखालून न्यायची. ठेका मिळालेल्या कंपनीत मी साइट इंजिनिअर. बोरीहून एक बॅग आणि लेव्हल मशीनची तिपाई घेऊन उतरलो आणि खोली शोधत फिरलो. आपल्याकडं खोली देताना आधी आडनाव विचारतात आणि पुढचं त्यावरून ठरवतात. मला मात्र आडनाव सांगायची वेळच आली नाही. तिपाई बघितली की लोक दार लावायचे. गटारवाला घरात ठेवला तर उद्या गल्लीनं आपल्यालाच धरलं असतं.

मालकांनी तिपाई बघितली आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. हाताला धरून मला खाली अंगणात नेलं. नाव नाही, गाव नाही, पगार नाही. पितळेचा तांब्या उचलला, अंगणाच्या मधोमध ओतला आणि विचारलं,

"पाणी कुठं जायलंय?"

मी आपलं डावीकडं बोट केलं. पाणी उजवीकडं गेलं. मालकांनी खेदानं मान हलवली आणि काकूंना म्हणाले, ह्यांना खोली देऊ, ह्यांना शिकवावं लागंल.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. डॉक्टरला, तलाठ्याला, वरातीतल्या घोडेवाल्याला. कुठंही गेले तरी संगती तांब्या, आणि बसायच्या आधी जमिनीवर पाण्याची धार. बँकेची नवी शाखा उघडली तेव्हा त्यांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये तांब्या ओतला. पाणी तिजोरीकडं गेलं, म्हणून त्यांनी पेन्शनचं खातं तिथं काढलं नाही. पुतण्याला पोरगी बघायला गेले तर पोहे यायच्या आधी अंगणात पाणी ओतून मोकळे. पाणी चुलीकडं गेलं. मालक उठले. पोरीच्या बापानं हात जोडले, पोरगी गोरी आहे, बारावी झाली आहे. मालक म्हणाले, तिचं सगळं बरोबर हाय, पण ज्या माणसानं एवढ्या वर्षांत अंगणाचा ढाळ काढला न्हाई त्यो जावयाची काय पत्रास ठेवणार. पोरीनं मागच्या दारानं जाऊन स्वतः फावडं घेतलं आणि चहा होईपर्यंत ढाळ काढला, असं मालक सांगायचे. सून म्हणून ती आली हे खरं. फावड्याचं तिला विचारलं की ती नुसती हसते.

विहाराचं नवं बांधकाम झालं तेव्हाही तेच. वंदना झाली, लोक उठायला लागले, तेवढ्यात मालकांनी तांब्या काढला. पाणी सरळ भाषणाच्या चौथऱ्याखाली गेलं. फरशीवाला मिस्त्री ह्यांच्याच नात्यातला. त्याला सगळ्यांदेखत विचारलं, की बाबा, धुतल्यावर पाणी कुठं जायलंय? दुसऱ्या दिवशी अर्धी फरशी उचलली. मिस्त्री नंतर मालक दिसले की दुसऱ्या गल्लीनं जायचा, आणि जाता जाता त्या गल्लीचाही उतार नजरेनं तपासून ठेवायचा, न जाणो विचारलं तर.

आणि त्यांच्या न्हाणीघराबद्दल काय सांगू. तिथं असा ढाळ काढला होता की तांब्याभर पाणी अंगावर घेतलं तर ते अंग भिजवायच्या आत निघून जायचं. साबण खाली ठेवला की मोरीत. मी पहिल्या महिन्यात चार-पाच साबण मोरीला वाहिले आणि मग गळ्यात दोरीनं बांधून आंघोळ करायला लागलो.

एवढा सगळा ढाळाचा दरारा, आणि पाऊस आला की अख्ख्या गल्लीचं पाणी ह्याच माणसाच्या घरात. शेटजींचा ओटा धुतलेलं, पलीकडच्या गोठ्यातलं, तुंबलेल्या गटारीचं, सगळं वरून पायऱ्या उतरून यायचं, पाहुण्यासारखं. मालक तेव्हा बाजेवर पाय वर घेऊन बसायचे आणि नगरपालिकेला उद्देशून भाषण द्यायचे. पाणी उपसायच्या काकू.

काकूंबद्दल दोन शब्द सांगायला पाहिजेत. बोलणं कमी, गुडघे गेलेले. आभाळ भरून आलं की त्या आधी डाळ-पीठ फळीवर ठेवायच्या, मग अंथरूण, मग भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो जागेवर नीट आहे ना ते बघायच्या, आणि मग उंबऱ्याशी पाटावर बसायच्या, टोपलं घेऊन. पाऊस दुपारी असो की पहाटे, तो थांबेपर्यंत त्या तिथून उठायच्या नाहीत. पावसात त्यांचा डोळा लागलेला कुणी बघितला नव्हता. मी एकदा म्हणालो, काकू, काकांना सांगा ना, घर थोडं उचलून घ्या म्हणून; आता जॅक लावून आख्खं घर उचलणारी माणसं येतात. त्या म्हणाल्या, "घर उचलतील रे ते. ह्यांना कोण उचलावं?"

हट्टाच्या बुडाशी काय होतं ते मला एकदाच कळलं. साधीच सकाळ होती. मालक दाढी करत होते. मी सहज म्हणालो, काका, एवढा राग कामून करताव, पाणीच तर आहे. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला फेस तसाच.

"आमचं गाव पूर्णेकडलं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. तिथंच राहा म्हणून ठरवून दिलेलं, आमच्या आज्याच्या बी आधी. आख्ख्या गावाची घाण धुऊन आलेलं पाणी आमच्या दारातून जायचं. माय भाकरी करायची अन् दारातून वाहायचं. नोकरी लागल्यावर म्या पहिलं काम काय केलं असंल, तर उंचावरचा प्लॉट घेतला. साऱ्या गावात हिंडलो. ह्योच सगळ्यात वर व्हता." मग वस्तरा उचलून म्हणाले, "आता दुसऱ्यांदा गावाचं पाणी म्या दारात घेणार न्हाई. काय बी करा."

त्यानंतर मी त्यांच्या भाषणांना हसायचं कमी केलं. बंद केलं असं म्हणणार नाही. भाषणं खरंच हसण्यासारखी होती.

आणि नेमकं मलाच ते पाणी त्यांच्या दारात न्यायचं होतं.

आमची योजना गल्लीत शिरली तेव्हा सगळे खूश. पाइप हवा, उघडं गटार नको, डास नकोत. पण सगळ्या घरांचे पाइप येऊन जिथं मिळतात ते मुख्य चेंबर आपल्या दारात मात्र कुणालाच नको. ज्याच्या दारात चेंबर त्याच्या दारात झाकण, झाकणाचा वास, वर्षातून एकदा उपसायला आलेली गाडी, आणि पोरीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांची नाकं. शेटजी म्हणाले, माझ्या दारात देवाचं आहे. पुढचा म्हणाला, माझ्या दारात गाडी लागते. एकजण म्हणाला, माझ्या दारात माझा म्हातारा बसतो, आणि म्हाताऱ्याला लगेच बाहेर आणून बसवलं सुद्धा.

माझी मशीन म्हणत होती की गल्लीतली सगळ्यात खालची जागा मालकांचं दार. पण मालक काही मशीनला भीक घालणारे नव्हते. त्यांचं म्हणणं, आजचा उतार खोटा हाय. थरावर थर टाकून ह्या लोकांनी गल्ली माझ्याकडं वाकवली. मूळचा उतार शेटजीच्या दाराकडं हाय. जुन्या फरशीपर्यंत खोदा, मग बघू पाणी कुठं जायलंय. शेटजी म्हणाले, इन्स्पेक्टर, तुमच्या डोक्यात पाणी गेलंय. मालक म्हणाले, तुमच्या वट्यावरून आलं असंल.

पंधरवडा गेला. कंपनीचे पाइप नाक्यावर पडून. त्यांत कुत्री व्याली. शेवटी ऑफिसातून निरोप आला, की गल्लीचं एकमत होत नसेल तर पाइप पलीकडच्या पेठेत जातील आणि ह्या गल्लीला पुढच्या योजनेपर्यंत आहे तेच गटार. पुढची योजना म्हणजे आमच्याकडं पुढचा जन्म.

तेव्हा मालकांनी पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, की आडवा चर मारा, जुना तळ उघडा करा, आणि मी पाणी ओततो. ज्याच्या दाराकडं पाणी जाईल त्याच्या दारात चेंबर. पुन्हा तोंड उघडायचं नाही. शेटजींनी ताबडतोब हात पुढं केला. त्या हातावर हात मारताना मालकांचा चेहरा लग्न ठरलेल्या माणसासारखा झाला होता.

घरी आल्यावर काकू भाकरी थापत होत्या. थापता थापता त्या म्हणाल्या, आन् आपल्याकडं गेलं तर? मालक म्हणाले, काय तरी बोलतीस, प्लॉट म्या बघितलेला हाय.

चर मारला त्या दिवशी गल्लीला जत्रेची कळा. जेसीबी आला, त्याच्यामागं भजेवाला आला. जेसीबीच्या दातांनी रस्ता कापला तेव्हा आतून चिरोट्यासारखे पदर दिसायला लागले. मालक काळी छत्री घेऊन चराच्या काठाशी उभे, आणि छत्रीच्या टोकानं एकेक पदर दाखवत व्याख्यान देत होते. हे बगा, हे पाचव्याचं. ह्याच्याखाली चौथ्याचं सिमेंट, बोटानं उकरतंय. हे डांबर तिसऱ्याचं, ह्याच्यात डांबर शोधून दाखवा. खडी बरी हाय, त्यो माणूस पण बरा होता, म्हणून पुन्हा निवडून आला न्हाई. ह्या पाचांखेरीजचा एक थर मात्र काही केल्या सापडेना. तो म्हणे कागदावर पूर्ण झाला होता आणि त्याचं उद्घाटनही थाटात झालं होतं. मालकांनी त्या थराच्या जागी चरात छत्री खुपसून आदरानं क्षणभर मौन पाळलं.

थरांच्या मधून काय काय निघालं. लोकांच्या जुन्या पायऱ्या निघाल्या, एकाखाली एक. एक हातपंप निघाला, दांड्यासकट. दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये शेटजींच्या थोरल्या भावाची सायकल निघाली, कुलूप लावलेली. थोरल्या भावानं तिथंच किल्लीसाठी खिसे चाचपले.

आणि सगळ्यात खाली शहाबादी फरशीची नाली. काय नाली होती. शेंदूर लावावा अशी. सांध्यात सांधा बसलेला, एवढ्या वर्षांचं ओझं अंगावर घेऊन एक फरशी हललेली नाही. मालकांनी छत्री बाजूला ठेवली. मग चपला काढून स्वतः चरात उतरले. मी नको म्हणालो तर माझ्याकडं असं बघितलं की मीच दोन पावलं मागं सरलो.

खाली उभे राहून त्यांनी वर हात केला. काकू त्यांच्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या होत्या; त्यांनी भरलेला तांब्या खाली दिला. गल्ली श्वास धरून उभी. मालकांनी एकवार शेटजींकडं बघितलं, आणि फरशीवर पाणी ओतलं.

पाणी थोडं थांबलं. पाणी नेहमी थोडं थांबतं, विचार केल्यासारखं. मग निघालं. घाई नाही, गडबड नाही, आपल्याच घरी चालल्यासारखं ते मालकांच्या दाराकडं चालत गेलं.

गल्ली हसली. आख्खी गल्ली, म्हातारा धरून. शेटजींना तर ठसका लागला. जेसीबीवाल्यानं हॉर्न वाजवला. मालकांनी तांब्यात उरलेलं पाणी पुन्हा ओतलं. तेही तिकडंच गेलं. मग त्यांनी वाकून हाताच्या पंजानं फरशी चाचपली. ज्या माणसानं कालव्याची चूक नुसत्या नजरेनं सांगितली असती, त्यानं आयुष्यात एकच प्लॉट घेतला आणि तो नालीच्या तोंडाशी घेतला. प्लॉटवर तेव्हा काळ्या मातीची भर घालून तो उंच केलेला, विकणारा गोड बोलणारा, आणि घेणारा उंच जागेच्या इतक्या ओढीचा, की ह्या एकाच ठिकाणी तांब्या ओतायचं राहून गेलं.

हे मी नंतर जुळवलं. त्या वेळी मला चरात उभा एक म्हातारा माणूस दिसत होता, आणि त्याचं दाढी करतानाचं ते बोलणं आठवत होतं. मी मशीनकडं बघत राहिलो. मशीनमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

शेटजी म्हणाले, काय इन्स्पेक्टर, कुठं जायलंय पाणी?

तेव्हा काकू दोन पावलं पुढं आल्या, गुडघ्यावर हात ठेवून चराच्या काठाशी वाकल्या. गल्लीत त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. मोठ्यानं त्या तेव्हाही बोलल्या नाहीत.

"पाणी तर येतंयच की आपल्या दारात. इतकी वर्सं येतंय. येऊ द्या. पण आता जाऊ बी द्या."

मालक त्यांच्याकडं बघत राहिले. मग फरशीकडं. मग, देवाशप्पथ, त्यांची मान हळूहळू ताठ झाली आणि कालवा निरीक्षक परत आला.

"इंजिनेर," ते चरातूनच ओरडले, "हितून पुढं पाइप नाल्यापर्यंत जाणार का?"

जाणार, मी म्हणालो.

"तुंबलं तर पहिलं कुठं वर येतंय?"

मी म्हणालो, ज्या घराचा उंबरा झाकणाच्या खाली असेल, त्या घरात.

"मग लिहून घ्या. चेंबर माझ्या दारात. जबान दिली ती दिली. पण झाकण माझ्या उंबऱ्याच्या खाली पायजे. ह्या फरशीच्या वर एक बोट चालणार न्हाई."

गल्लीला कळायला थोडा वेळ लागला. शेटजी व्यापारी, त्यांना सगळ्यात आधी कळलं. त्यांचं हसणं मधेच थांबलं. झाकण फरशीला, म्हणजे रस्ता झाकणाला. रस्ता झाकणाला, म्हणजे पाचही नगरसेवक उचलून ट्रॉलीत. आणि रस्ता खाली गेला, म्हणजे दर निवडणुकीला हौसेनं चढवलेले गल्लीचे सगळे ओटे...

शेटजी म्हणाले, असं कसं, रस्त्याचं बोलणं ठरलं नव्हतं. मालक म्हणाले, बरोबर हाय, न्हवतं ठरलं. शेटजीला झाकण वर ठेवायचं असंल तर त्यांच्या दारात ठेवा. त्यांचा उंबरा वर हाय, त्यांना काय बी व्हत न्हाई. शेटजींनी आजूबाजूला बघितलं. जो तो आपापल्या दारातली अडचण डोळ्यांसमोर आणत होता. म्हाताऱ्याला कुणीतरी परत बाहेर आणून बसवलं. शेवटी शेटजी सायकलवर हात ठेवून म्हणाले, चालू द्या.

मी ऑफिसात नकाशा बदलायला गेलो तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, सगळे थर काढायचं कारण काय लिहू? मी म्हणालो, तांत्रिक लिहा. ते तसं तांत्रिकच होतं.

महिनाभर गल्ली ट्रॉल्यांनी वाहत होती. आणि काम झालं तेव्हा जे दृश्य दिसलं ते बघायला देवगाव फाट्यापासून लोक येत होते असं म्हणतात. मी म्हणत नाही, भजेवाला म्हणतो. सगळे ओटे हवेत. पायऱ्या अधांतरी लोंबकळत, ढगातून उतरता उतरता मधेच विचार बदलल्यासारख्या. लोक सकाळी दार उघडून पाय खाली टाकायचे आणि आत घ्यायचे. बाया घागरी दोरानं वर ओढायला लागल्या. शेटजींनी दुकानाला लोखंडी जिना लावला, आणि जिना बसेपर्यंत गिऱ्हाइकाला साखर वरून टोपलीनं सोडत होते. ज्यानं दारात म्हातारा बसवला होता, त्याच्या म्हाताऱ्याला आता खाली उतरवायला चार माणसं लागायची, म्हणून तो वरच बसून गल्लीवर देखरेख करायचा आणि फार खुशीत असायचा.

अख्ख्या गल्लीत एकच घर रस्त्याला टेकलेलं होतं. पोस्टमन आता आमच्या दारात येऊन पत्र हातात द्यायचा. मालक उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायचे, पुढ्यात चेंबरचं झाकण, आणि वर शिड्या लावणाऱ्या लोकांना सल्ले द्यायचे. शेटजींना तर रोज विचारायचे, काय शेटजी, चढायलाव का उतरायलाव? प्लॉटच्या चुकीबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. उलट काही दिवसांनी ते सांगायला लागले, की पाणी आपल्याकडं येणार हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं, आणि गल्लीला खाली आणायला म्हणून त्यांनी तो डाव टाकला होता. ऐकणारे मान हलवायचे. काकू भाकरी उलटायच्या.

पण खरी कसोटी पावसाचीच. तो आला परतीच्या दिवसांत, भर दुपारी. तोवर भुरभुर झाली होती, पण हा आला तो सूड घ्यायला आल्यासारखा. पत्रे बडवत, आडवा-तिडवा. गल्लीतलं सगळं पाणी, पिढ्यानपिढ्यांच्या सवयीनं, आमच्या दाराकडं निघालं. शेटजींच्या जिन्यावरून, गोठ्यातून, दोन्ही अंगांनी. लोक आपापल्या उंच ओट्यांवर येऊन उभे राहिले, सज्ज्यातून तमाशा बघावा तसे. मी रेनकोट घालून पावसाच्या लाइनच्या तोंडावर बसवलेल्या लोखंडी जाळीपाशी उकिडवा बसलेलो. माझी नोकरी त्या जाळीत होती. मालक शेजारी छत्री घेऊन, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून.

पाणी दारापर्यंत आलं. उंबऱ्याला चाटलं. मग जाळीवर गोल फिरलं, एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि आत गेलं. मागून आलेलं तेही गेलं. त्याच्या मागचंही. मी जाळीवर वाकून ऐकलं. पाइप भरून वाहत होता आणि तुंबत नव्हता. पाऊस वाढला, जाळी तेवढीच गिळत राहिली. वरच्या ओट्यांवरून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळेच वाजवायला लागले, आणि शेटजी, जिन्यावर भिजत उभे राहून, सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, जिंकले बरं का इन्स्पेक्टर.

मालकांनी छत्री माझ्या हातात कोंबली. अशा वेळी ते निदान तासभर बोलतील हे मला माहीत होतं. गल्लीलाही माहीत होतं, लोकांनी बसायला पोती आणली होती. पण ते आधी काकूंना सांगायला आत गेले.

आत जाऊन त्यांना बराच वेळ लागला. परत आले तेव्हा पाय न वाजवता आले, चपला हातात. उंबऱ्यात उभे राहून त्यांनी वर बघितलं. टाळ्या चालू होत्या, शेटजी अजून ओरडत होते, आणि उभ्या गल्लीला नुसत्या आवाजानं गप्प करणाऱ्या आमच्या मालकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले, "झोपलीय ती."